गोधडीला दाखवलेलं ऊन

संक्रांतीनंतरचा रविवार, पुंडलिकनगरातली माझी गच्ची. हजर: कुरडयावाली, लोणचंवाली, कन्नड गावची गोधडीवाली आणि मी. मी चालवते त्या मोबाइलवरच्या बाजारात आम्ही एकमेकींना मालावरूनच ओळखायचो; चेहरे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. गोधडीवाली परत आलेली गोधडी घेऊन एसटीनं आली होती. धुराचा वास येतो, असं गिऱ्हाइकानं सगळ्यांसमोर लिहिलं होतं. "माझं नाव काढून टाका ताई, लई लाज वाटती," ती म्हणाली. लोणचंवालीनं गोधडीत नाक खुपसलं. "येतोय की गं! चुलीपाशी ठेवती का?" "व्हय. दुसरी खोली नाय." "मग इथं आण. ताईची गच्ची रिकामीच असती." मला कुणी विचारलंसुद्धा नाही. गोधडी उन्हात पसरली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून आम्ही तिच्यावरच बसलो. ऊन मऊ होतं, बोलता बोलता एकेक जण आडवी झाली, आवाज लांबून आल्यासारखे वाटू लागले. डोळा लागता लागता गोधडीवालीचं ऐकू आलं, "पुढची निळी शिवू का?" आता तिच्या गोधड्या आधी माझ्या गच्चीवर येतात, मग गिऱ्हाइकाकडं जातात. त्या तक्रारीखाली उत्तर लिहायचं मात्र अजून राहिलंय.