चार-चारवर थांबलेला सामना

१८ नोव्हेंबर १९९७, मंगळवार, सकाळचे सव्वासहा. पेणच्या टेनिस कोर्टावर जाळे ताणून मी अनंत पाटलांची वाट पाहत होतो. आले ते त्यांचे शेजारी. पहाटे बुटाची नाडी बांधता बांधता पाटील गेले, असे त्यांनी सांगितले. जाळे तसेच टाकून मी निघालो...

अनंतराव पेणजवळच्या जिते गावचे. घरची भातशेती आणि खाडीकडचे मिठागर. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी रॅकेट धरली आणि साठीनंतर आम्ही पेणच्या ज्येष्ठ संघाची जोडी झालो. मी उजवीकडे, ते डावीकडे. माझ्या डोक्यावरून गेलेला चेंडूही तेच धावून परतवीत. स्वस्थ बसणे त्यांना ठाऊक नव्हते. बाजू बदलताना आम्ही पाणी पीत असू, ते फेऱ्या घालीत. बसा म्हटले की म्हणत, "बसलो तर उठायचा नाय मी, दामले."

रोह्याच्या कंपनी वसाहतीतल्या संघाशी दर हिवाळ्यात आमची लढत होई आणि आम्ही हरत असू. यंदा कोर्टाची माती उखडली तेव्हा अनंतरावांनी खाडीचा चिखल आणून, मिठागराचा तळ करतात तसा तुडवून, चोपून बसवला. खारी माती संध्याकाळच्या दमट वाऱ्यात ओल धरील, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. ते गेले त्याच्या दोनच दिवस आधी, रविवारी, लढत आम्हा दोघांच्या शेवटच्या दुहेरीवर अडली. तिसऱ्या सेटमध्ये चार-चार झाले आणि पाय घसरू लागले. रोह्याचे कप्तान सामंत म्हणाले, "पाटील, मीठ कधी काढताय?" अनंतराव सोडून सगळे हसले. पुढच्या रविवारी तिथूनच खेळायचे ठरले. निघताना अनंतराव मला एवढेच म्हणाले, "एक डाव रोह्याला हरवू या. मग काय नाय मागत."

अंत्यविधीला सामंत आले. नंतर पाटलांच्या ओटीवर त्यांनी हळू आवाजात सुचवले की, सामना बरोबरीत सुटला असे समजू. मी मान डोलावणार होतो. आमच्या जोडीचे धावणे त्या सकाळी संपले होते आणि दुसऱ्या कोणाबरोबर उभे राहण्याची मला इच्छा नव्हती. तेवढ्यात पाटीलवहिनी आतून दारापर्यंत आल्या आणि मला म्हणाल्या,

"बरोबरी नको, भाऊजी. रविवारपासून दोन रात्री डोळ्याला डोळा नाय लागला त्यांचा. हरलात तरी चालंल, पण पुरा करा."

सामंतांनी मान खाली घातली. रविवारी येतो, म्हणाले.

दुपार घरात येरझाऱ्या घालण्यात गेली. बसवेना, वाचवेना... दिवेलागणीला मी आमचे राखीव खेळाडू म्हात्रे यांच्या घरी गेलो. रविवारी खेळायचे आहे, उद्यापासून सराव, असे सांगितले. त्यांनी विचारले, "मग पाटलांच्या बाजूला मी उभा राहू?"

"नाही. तुम्ही उजवीकडे. डावीकडे मी."

त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिले. घरी येऊन मी घड्याळाचा गजर अर्धा तास अलीकडे आणला.