टोप्यांखालची कोशू

तोकुएची मान कधी सरळ होती, हे जपानातल्या कात्सुनुमा गावात कुणाला आठवत नाही. बाईचा जन्म गेला द्राक्षांच्या मांडवाखाली, हात वर आणि तोंड आभाळाकडे. पावसाळा लागला की कोशू जातीच्या द्राक्षाच्या एकेका घडावर मेणकागदाची टोपी चढवायची. तीही एकटीने. नवरा कुमेजी तोवर शेजारच्या फुरुयाच्या ओट्यावर दारूवर अक्कल पाजळत बसलेला.

पाजळण्याइतकी अक्कल होती त्याला, खोटं कशाला बोला. चहाच्या पेल्यात पांढरी दारू ओतायचा, घोटभर तोंडात घोळवायचा आणि वेल कुठल्या उतारावरची ते सांगायचा. दुसऱ्या कुठल्या वाइनबरोबर कच्चा मासा खाल्ला तर तोंडाला घाण वास सुटतो, आमच्या कोशूबरोबर नाही, हे तो पाहुण्यांना इतक्यांदा ऐकवायचा की तोकुए उठून वांग्याच्या लोणच्याला मीठ चोळायला निघून जायची.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. किरणांचे उपचार ठरले. माणूस बघता बघता चिपाड झाला. हिवाळा काढणं कठीण, असं डॉक्टरांनी तोकुएला बाजूला घेऊन सांगितलं. कुमेजीने मात्र एकच हट्ट धरला.

"आपल्या वेलीची नवी दारू प्यायल्याशिवाय मी जायचा नाही."

तोकुएने चंग बांधला. पण इस्पितळाच्या खेपा काही टळेनात आणि पावसाची झड थांबेना. तिने घाई केली. कूज रोखणाऱ्या बोर्डो औषधाची फवारणी न करताच ओल्या घडांवर टोप्या चढवल्या. काल आलेल्या सुनेने केलं असतं तर समजू शकतो. हिने करावं म्हणजे कमाल झाली!

सप्टेंबरात खालून पाहावं तर घड छान गुलाबी. टोपी काढली आणि वरचे सगळे मणी तपकिरी, सडलेले. कागदाच्या आड कूज उतरत आली होती. दुसरी टोपी, तिसरी टोपी, सगळीकडे तेच.

गावात नवी दारू बाटल्यांत भरली गेली तेव्हा तोकुए मान खाली घालून फुरुयाकडे गेली. त्याने स्वतःच्या वेलीची मोठी बाटली तिच्या हातात दिली.

"वहिनी, पहिल्या घोटाला ओळखेल तो."

"ओळखू दे, भाऊजी. करू काय मी?"

तिने ट्यूनाचे पातळ काप केले, लोणचं काढलं, पेला भरला. काय सांगायचं, ते तिने रस्ताभर घोकलं होतं.

कुमेजीने घोट घेतला, डोळे मिटले, कसाबसा गिळला.

"आपलीच," तो म्हणाला. "आपली वेल दगा द्यायची नाही."

माशाचा तुकडा चघळत तो समाधानाने हसला. तोकुए स्वयंपाकघरात गेली आणि तोंडात पदर कोंबावा तसा तिने फडका कोंबला. किरणांनी त्याच्या जिभेची चव कधीच गेली होती. त्याने पेला भिरकावला असता, शिव्या घातल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

पहिलं बर्फ पडलं त्या आठवड्यात तो गेला. रीतीप्रमाणे माणसं जमली, चहाच्या पेल्यांतून दारू फिरली, शिजवलेल्या मुळ्याच्या वाट्या फिरल्या. फुरुया तिच्याजवळ सरकला आणि त्याने हळूच विचारलं, ओळखली का त्याने?

तोकुएने वाकडी मान होती तेवढी वर केली.

"पहिल्याच घोटाला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "नको नको ते बोलले मला."