कॅम्पवरून घरी आलेली पत्रं

केंब्रिजमध्ये मी पीएचडी करत होते, ती अमेरिकेतल्या जुन्या समर कॅम्पांवर. ओळखीचे लोक हसायचे. पुण्याहून इंग्लंडला येऊन अमेरिकेतल्या तंबूंवर संशोधन! पण विषय हसण्यासारखा नव्हता. शहरात, आईच्या पदराआड वाढून मुलगे मऊ पडतात, या धास्तीने तिथल्या सुखवस्तू घरांनी मुलांना उन्हाळाभर तळ्याकाठी पाठवायला सुरुवात केली. पहाटे बिगुल, मग गार पाण्यात उडी. पुढे मुलींचेही कॅम्प निघाले. तंबूंना आदिवासी जमातींची नावं द्यायची, मुलांच्या डोक्यात पिसं खोवायची. आणि त्याच काळात त्या जमातींची खरी मुलं आईबापांपासून तोडून दूरच्या वसतिशाळांत कोंडलेली. हे मी सेमिनारमध्ये पोटतिडकीने सांगायचे.

माझ्या कामाचा गाभा म्हणजे कॅम्पातल्या मुलांनी घरी लिहिलेली पत्रं. त्यांची स्कॅन केलेली पानं मी दिवसदिवस वाचायचे. बरीचशी एकसारखी: हवा छान आहे, जेवण छान आहे, पोहायला शिकलो. ही पत्रं मोठ्यांच्या नजरेखाली लिहिली जात, म्हणून त्यांतल्या आनंदावर भरवसा ठेवू नये, असं मी एका प्रकरणात मांडलं होतं. माझ्या गाइडबाईंना तेच प्रकरण सगळ्यांत आवडलं.

घर लंडनजवळच्या ब्रॅकनेलला, नवरा तिथेच आयटीत. मी आठवड्यातले चार दिवस केंब्रिजला. मुलगी नऊ वर्षांची. थीसिस जमा करायच्या उन्हाळ्यात तिच्या सुट्टीचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. नवऱ्याचं प्रोजेक्ट नेमकं त्याच महिन्यात सुरू व्हायचं, सासूबाईंचा व्हिसा नाकारलेला. शेवटी वेल्समधला दोन आठवड्यांचा कॅम्प बुक केला.

"आई, मला नाही जायचा," ती म्हणाली. तिचं मराठी असंच होतं. "माझी पोट दुखतो."

"अगं, तिथे तळं आहे, होड्या आहेत. मजा येईल तुला."

"मग तू पण ये ना."

"मला लिहायचंय ना, राणी."

कॅम्पात फोन चालत नव्हते. सहाव्या दिवशी पत्र आलं, इंग्रजीत. हवा छान आहे, जेवण छान आहे, होडी चालवली. अक्षर तिच्या नेहमीच्या अक्षरापेक्षा नीट होतं. मी ते फ्रिजवर लावलं आणि नवऱ्याला म्हणाले, "बघ, रमली." मग तळटिपा पुऱ्या करायला बसले.

परत आली तेव्हा ती कॅम्पच्या बसमधून सगळ्यांत शेवटी उतरली. त्या आठवड्यापासून ती अंथरूण ओलं करायला लागली. मी विचारायचे, ती मान हलवायची. शाळा सुरू झाल्यावर तिच्या टीचरने मला बोलावून घेतलं. मुलीने त्यांना सगळं सांगितलं होतं. कॅम्पात पहिल्याच रात्री हिची स्लीपिंग बॅग ओली झाली होती. तंबूतल्या मुलींनी आपापल्या बॅगा ओढून दुसऱ्या कडेला नेल्या आणि दोन आठवडे तिला वासावरून चिडवलं. तिने घरी पत्र लिहिलं, मला न्यायला या म्हणून. तंबूवर देखरेख करणाऱ्या तिथल्या ताईने ते वाचलं आणि प्रेमाने समजावलं, मम्मीला कशाला सॅड करायचं, काहीतरी छान लिही.

"तिने मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

टीचर म्हणाल्या, "तिला वाटलं, तुम्हाला कळेल. माझी आई मुलांची पत्रं वाचते, तेच तिचं काम आहे, असं ती म्हणाली."

टीचरने टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

घरी येऊन मी तिची माफी मागितली, आधी मराठीत, मग इंग्रजीत. "इट्स ओके, मम," ती म्हणाली आणि कार्टून बघत राहिली. त्या दिवसापर्यंत ती मला आई म्हणायची.

थीसिस पास झाली. परीक्षकांनी पत्रांच्या प्रकरणाची तारीफ केली. नोकरी मात्र कुठल्याच युनिव्हर्सिटीने दिली नाही. अर्ज करत राहिले, मग थांबले. आता ब्रॅकनेलमध्येच एका डेंटिस्टच्या रिसेप्शनवर बसते. तेव्हा वाटायचं, नोकरी नाही तर नाही, निदान मुलीपाशी तरी राहता येईल. मी राहिले. ती माझ्यापाशी राहिली नाही. तिचं मराठी हळूहळू बंदच झालं. नवऱ्याशी ती क्रिकेटबद्दल तरी बोलते. माझ्याशी चांगलं वागते, कधी उलट बोलत नाही, आणि काही सांगतही नाही. काउन्सेलरकडे नेलं, तर तिथेही हसून सगळी उत्तरं दिली.

यंदा ती सोळाची झाली. गेल्या महिन्यात स्कॉटलंडमधल्या एका बोर्डिंग कॉलेजचा फॉर्म तिने स्वतःच भरून माझ्यापुढे ठेवला. सही हवी होती.

"एवढ्या लांब कशाला?" मी म्हणाले.

"आय लाइक बीइंग अवे," ती म्हणाली. रागाने नाही, जेवायला काय आवडतं ते सांगावं तसं.

मी आणखी काही विचारावं, म्हणून ती थोडा वेळ उभी राहिली असावी, किंवा पेन परत घ्यायला. मी सही केली.