उजेडात धरलेली शंभराची नोट

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही. पण ऐका.

सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि वाशी अजून अर्धी झोपेत होती. मोजक्या इमारती, मधे चिखल, वाऱ्याला खाडीचा वास. आमची बँक एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर. दुपारी खाडीवरून असा पांढरा उजेड आत यायचा, की खिडकीशी उभं असलेलं माणूस पाण्यात उभं आहे असं वाटायचं. त्या उजेडात मी नोटा मोजायचे.

मी कॅशियर होते, सव्वीस वर्षांची. आणि माझं एक नाव होतं – डोळे मिटून खोटी नोट ओळखते म्हणून. अवघड नव्हतं ते. खऱ्या नोटेवरची शाई किंचित उठलेली असते, बोटाला खरखरीत लागते. झटकली की कागद करकरीत वाजतो. काळा धागा कागदाच्या पोटात असतो, वर छापलेला नसतो. आणि उजेडाकडे धरली, की कोऱ्या जागेतून अशोकस्तंभाचे सिंह वर येतात – सावकाश, धुक्यातून यावेत तसे. साहेब नव्या लोकांना माझ्याकडे शिकायला पाठवायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

एके दिवशी माझ्याच ड्रॉवरमध्ये ती शंभराची खोटी नोट निघाली. धाग्याच्या जागी नुसती रेघ. सिंह मेणाने उमटवलेले. सकाळच्या गर्दीत कुणी भरली, आठवेना. म्हणजे मी ती हातात घेतली होती, मोजली होती – आणि मला कळलं नव्हतं.

नियम साधा होता. नोट साहेबांकडे द्यायची, शंभर रुपये आपल्या पगारातून भरायचे. पैशांची अडचण होती का? नव्हती. मग कशाची होती? साहेबांच्या टेबलापर्यंतच्या दहा पावलांची. ते रागावलेही नसते. ‘तुम्हीसुद्धा?’ एवढंच म्हणाले असते.

तेवढ्यात जानकीमावशी आली. घणसोलीची. तिची भातशेती नव्या शहरात गेली होती आणि त्याचे पैसे आमच्याकडे होते. अंगठा उठवायची, मिळालेल्या नोटा न बघता घडी करायची. त्या दिवशी तिला पाचशे हवे होते, लेकीच्या लग्नाला सोन्याचे मणी घ्यायला.

मी चार नोटा मोजल्या. आणि पाचवी – ती दिली.

तिने नेहमीसारखी न बघता घडी केली.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. ठाण्याच्या सराफाने भर दुकानात तिला लबाड म्हटलं होतं, पोलिसाला बोलावतो म्हणाला होता. हातापाया पडून सुटली होती बिचारी. तिने नोट माझ्यापुढे ठेवली.

“बाय, ही खोटी हाय म्हनला त्यो. तुझ्याकडची नोट खोटी कशी असंल?”

आरोप नव्हता हो तो. ती खरंच विचारत होती. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, “मावशी, इथून खोटी नोट जात नाही. वाटेत कुणीतरी बदलली असेल.”

ती आठवत राहिली. मग हळूच म्हणाली, “वाटंत पिशवी तं माझ्या जावंकडं व्हती.”

ही वाट कुठे जाते, ते मला तेव्हाच दिसलं. तरी मी बोलले नाही.

“मना शिकव,” ती म्हणाली. “खरी कंची, खोटी कंची.”

आणि मी शिकवलं! त्याच नोटेवर. शेजारी खरी धरली, दोन्ही खिडकीकडे केल्या. तिने तोंड अगदी जवळ आणलं. बराच वेळ काही दिसेना. मग एकदम हसली – “वाघ दिसतान गो बाय! ह्ये जिते, नि ह्ये मेलेले.” तिच्या चेहऱ्यावर तो पांढरा उजेड पडला होता. इतकं सुंदर काही मी त्या बँकेत पुन्हा पाहिलं नाही. खोटी नोट मी ठेवून घेतली आणि मावशी गेल्यावर फाडली. शंभर रुपये तरी तिला दिले का? नाही. दिले असते, तर कबूलच झालं असतं.

पुढे गावात तिचा मान वाढला. बायका नोटा तिच्याकडून पारखून घ्यायच्या. “बँकेतल्या बायनं शिकवलं,” ती सांगायची. मला सुकटीच्या पुड्या आणायची. मी घ्यायचे.

जावेशी मात्र ती त्या दिवसापासून बोलली नाही. एका अंगणात मधे भिंत आली. वाशीत इमारतींमागून इमारती उठल्या, माझ्या केसांत पांढरं दिसू लागलं, आणि एका दुपारी ती खिडकीशी येऊन म्हणाली, “जाव गेली माझी. मी नाय गेली बगाया. चोरटी व्हती, पन गेली बिचारी.”

तेव्हाही मी फक्त तिने भरायला आणलेली नोट उजेडाकडे धरली, आणि स्लिपवर शिक्का मारला.

जावेचं नाव गंगूबाई होतं. तिने काहीही घेतलं नव्हतं. ती नोट मी दिली होती – बघून, ओळखून, माझ्या हाताने.