कुलपाचं कलम कोणतं?

फुलचंदभाऊंच्या हातात घण होता आणि समोर त्यांच्याच छापखान्याच्या दाराला पोलिसांचं कुलूप. मी पोचलो तेव्हा रस्त्यावर माणसं जमली होती. वाशीमच्या कोर्टात वकिली सुरू करून मला फार काळ झाला नव्हता.

भाऊंचं किराणा दुकान होतं. साप्ताहिक ते हौसेनं आणि हट्टानं चालवत. मागच्या अंकात त्यांनी छापलं होतं की, दौऱ्यावरचे अंमलदार ऐन पेरणीत मानोऱ्याकडच्या शेतकऱ्यांच्या बैलगाड्या वेठीला धरतात. सकाळी फौजदार आले, कामगारांना बाहेर काढलं आणि कुलूप लावून गेले.

"माह्या मशिनीले कुलूप लावनारे हे कोन?" भाऊ म्हणाले. "मी तोडतोच."

"तोडू नका," मी म्हणालो. "तुमी तोडलं का त्यायले कलम सापडते. आत्ता त्यायच्याजवळ एकबी कलम नाही."

घण त्यांनी खाली टेकवला, पण हातातून सोडला नाही. मी कोर्टाकडे निघालो. खरं तर मलाही खात्री नव्हती. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सरकारनं इतके नियम काढले होते की एखादा माझ्या नजरेतून सुटला असेल, ही धास्ती वाटभर होती.

प्रेस अ‍ॅक्ट कडकच होता. पण त्यातही छापखाना जप्त करायचा तर प्रांतिक सरकारचा लेखी हुकूम लागे, झडतीला वॉरंट लागे. फौजदारांकडे दोन्ही नव्हतं. एवढ्याच मुद्द्यावर मी अर्ज दिला.

मॅजिस्ट्रेटसाहेब इंग्रज नव्हते, आपल्यातलेच, पण बदलीला भिणारे. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "वकीलसाहेब, युद्ध चालू आहे," ते म्हणाले.

"युद्धासाठी केलेला नियमच दाखवा, साहेब. मी अर्ज मागे घेतो."

त्यांनी फौजदारांना बोलावून घेतलं आणि कलम विचारलं. फौजदार म्हणाले, वरून तोंडी सांगितलं होतं. कोणी, ते त्यांना सांगता येईना. मला बाहेर थांबायला सांगितलं. व्हरांड्यात मी येरझाऱ्या घालत होतो, कान छापखान्याच्या दिशेला. घणाचा एक आवाज आला असता तर सगळं संपलं असतं.

दिवस मावळायच्या आत मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या हुकमानं कुलूप निघालं. पुढच्या अंकात भाऊंनी तीच बातमी पुन्हा छापली, गावांच्या नावांसकट.

काही आठवड्यांनी लेखी हुकूम आला. सही, शिक्का, कलम, सगळं जागच्या जागी. छापखाना रीतसर बंद झाला. "तुमीच शिकवलं त्यायले," भाऊ मला म्हणाले. पण या हुकमात कोणते शब्द आक्षेपार्ह, ते लिहावं लागलं होतं आणि लिहिलेल्यावर हायकोर्टात भांडता येत होतं. नागपूरला जाऊन भांडलो. निकाल आमच्या बाजूनं लागला, तोवर यंत्राला गंज चढला होता. भाऊंनी ते घासूनपुसून पुन्हा चालू केलं.

कायद्याचं राज्य म्हणतात ते माझ्या अनुभवात एवढंच: हुकूम देणाऱ्याला कारण लिहून खाली सही करावी लागते. आणि तेवढंही बहुतेक वेळा मागितल्याशिवाय मिळत नाही.