बाबांची होडी, निळा रंग

बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी मी त्यांची होडी रंगवायला घेतली आणि तीन दिवस राबून दुसऱ्याचीच होडी रंगवली.

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. (बाबांच्या श्रद्धांजलीच्या फलकावरही मी दोन चुका काढल्या. त्या गडबडीत रडायचं राहून गेलं.)

बाबांची होडी आमच्या गावी मोरव्याला, खाडीकाठी, पावसाळ्यापूर्वी त्यांनीच पालथी घालून ठेवली होती. आई म्हणाली, "पुनवेला ती रंगवून पान्यात गेली पायजे. तशीच चिखलात राहिली तर मला नारल वाहवनार न्हाय." बाबा दर वर्षी स्वतः रंगवायचे आणि मी त्यांची एकुलती एक मुलगी. मग मी शहरात, इंद्रलोकमधल्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून मोबाइलवर होडी रंगवण्याचे सात व्हिडिओ पाहिले आणि टिपणं काढली. हार्डवेअरवाल्याने विचारलं, "मॅडम, इंटीरियर या एक्स्टीरियर?" मी म्हटलं, "होडी." त्याने बराच विचार करून एक्स्टीरियर दिला.

काठावर निळ्या ताडपत्र्यांखाली दोन होड्या शेजारी शेजारी पालथ्या होत्या. मी पहिलीची ताडपत्री उचलली. आत विटलेला निळा रंग. लहानपणापासून ओळखीचा! दुसरीकडे मी पाहिलंही नाही.

पहिला दिवस पॉलिश पेपर घासण्यात गेला. दहा पावलांवर चिंचेखाली जनूकाका जाळं विणत बसले होते. हे बाबांचे जिवलग मित्र, नंतरचे वैरी. होडी कुठल्या खुंट्याला बांधायची यावरून दोघांचं बिनसलं, ते कायमचं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. वैर अजून संपलं नाही, असं मी मनात नोंदवलं.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. रंगाचा पहिला हात देता देता मी होडीशी बोलू लागले. (टिपणांत हे नव्हतं.) म्हटलं, "बाबा, तुम्ही माझ्याकडे यायचं म्हणालात की मी दर वेळी 'आधी फोन करून या' म्हणायचे. तुमच्या पिशवीतल्या मासळीचा वास लिफ्टमध्ये राहतो म्हणून. तुम्ही फोन करायचात. मग यायचं बंद केलंत, आणि मी विचारलंसुद्धा नाही." एवढं बोलून मी दोन महिन्यांचं रडणं एका बैठकीत उरकलं. काकांचे हात जाळ्यावर थांबले होते.

तिसऱ्या दिवशी दुसरा हात झाला आणि नाळेजवळ, होडीच्या पुढच्या टोकाशी, मी पांढऱ्या रंगात बाबांचं नाव काढलं, 'धर्मा'. मागे सरून पाहिलं. सुबक! तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"काय गो, जनूची होडी कशाला रंगवलीस?"

"बाबांची निळीच ना?"

"व्हती. भांडन झालं त्या साली तुज्या बापानं हिरवी केली. बारा वरसं झाली."

मी शेजारची ताडपत्री उचलली. हिरवी. दोन्ही होड्या एकाच सुताराने एकाच वेळी केलेल्या आणि एकाच निळ्यात रंगवलेल्या. काकांनी रंग कधी बदलला नव्हता. बाबांनी बदललेला मला माहीत नव्हता.

"काका, तीन दिवस बोलला का नाहीत?"

काका जाळ्याकडे बघत म्हणाले, "पयल्या दिशी सांगनारच व्हतो. म्हटलं, फुकट घासतेय तर घासू दे. दुसऱ्या दिशी तू बापाशी बोलाया लागलीस. मधी कसा बोलू?" जाळ्याची गाठ आवळून म्हणाले, "आनि मला बी बसायचं व्हतं तितं. बारा वरसं मी त्याच्याशी बोललो न्हाय, बाय."

आईने माझा चहा त्यांच्या हातात दिला.

हिरवी होडी काकांनी अर्ध्या दिवसात रंगवली. मला फक्त डबा धरायला दिला, तोही लांबून.

पौर्णिमेला चौघांनी निळी होडी उलटून सरळ केली, पाण्यात लोटली आणि सगळ्यांच्या माना तिरक्या झाल्या. पालथ्या होडीवर मी सरळ लिहिलेलं 'धर्मा' आता शीर्षासनात होतं. आई पदर तोंडाला लावून हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मी पुसायला फडकं काढलं, तर काकांनी हात धरला.

"ऱ्हाऊ दे. पान्यात बघ, सरल दिसतंय."

दोन्ही होड्या एकाच खुंट्याला बांधल्या होत्या. मी वाकून पाहिलं. पाण्यात बाबांचं नाव पायांवर उभं होतं खरं, पण उजवीकडून डावीकडे.

वीस वर्षांच्या नोकरीत दिसलेली चूक मी कधी सोडली नाही. ही तर माझीच होती.

"हो काका," मी म्हटलं, "सरळ आहे."