मागच्या बाजूचा आवाज

वर्षाली आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजात कामाला लागली तेव्हा तिचं सगळ्यात जास्त कौतुक मीच केलं होतं, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगितलं असतं तर ते बचाव केल्यासारखं वाटलं असतं.

गॅरेज सोपानरावांचं. ते चिंचवडच्या जुन्या गावठाणातले. शेतीच्या जागेवर इमारती झाल्या, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याची शेड ठोकली. गेल्या वर्षी त्या शेडमध्ये एका गाडीखालून पाय बाहेर आले, मागोमाग वेणी आली आणि मग चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी हात पुसत उभी राहिली. मी अडतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. मुलींनी कुठल्याही कामाला लाजू नये अशी भाषणं दर वर्षी ठोकली. आता भाषणातली मुलगी समोर उभी! मी घरी जाऊन चार जणींना फोन केले.

वर्षाली औशाजवळच्या खेड्यातली. लातूरला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गात ती एकटी मुलगी. नंतर चाकणच्या एका कंपनीत चार वर्षं, पण कंत्राटदाराच्या हजेरीवर. तिथे तिचं काम ऐकण्याचं होतं. लाइनवरून उतरलेली नवी गाडी खडबडीत ट्रॅकवर चालवायची आणि कुठे काय वाजतं ते सांगायचं.

"दिवसाला चाळीस गाड्या," ती म्हणाली होती. "त्यातल्या अडतीस गप असतात, मॅडम. उरलेल्या दोन ओळखायचा पगार."

"मग सोडलंस कशाला?"

"मी कुठं सोडलं? ब्रेक दिला त्यांनी. ब्रेक म्हणजे उद्यापासून येऊ नका. परत बोलावतो म्हणले, अजून बोलवायलेत."

माझी गाडी सतरा वर्षांची. मी त्र्याहत्तरची, आणि अजून स्वतः चालवते. पुढच्या चाकाकडून ठकठक यायला लागली म्हणून सोपानरावांकडे दिली. वर्षालीने लिंक रॉड बदलला, जुना कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "बघून घ्या," म्हणाली. गाडी एकदम शांत झाली.

घरी आणून मी माझ्या सवयीचं काम केलं. गॅरेजातून गाडी आली की सगळं मोजून घ्यायचं, ही आमच्या घरची जुनी शिस्त. देताना यादी करायची, आल्यावर खुणा करायच्या. जॅक, पाना, चार मॅट, बॅटरीचा नंबर, स्टेपनीच्या टायरचा नंबर. सगळं जागच्या जागी होतं. मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाही झाली.

दुसऱ्या दिवशी बँकेत निघाले आणि पहिल्याच गतिरोधकावर 'खडक्... गुडूक्'. पुढच्या खड्ड्यात पुन्हा. माझं डोकं गाडीपेक्षा जोरात पळतं. मी ठरवून टाकलं की नवा रॉड सांगून कुठलातरी जुनाच पुसून बसवला. बँकेच्या रांगेत उभ्या उभ्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: "सोपानरावांच्या गॅरेजात जपून. तिथली मुलगी जुने पार्ट पुसून बसवते. स्वतःचा अनुभव." मला शंका आहे, असं लिहिलं नाही. शंका लिहायला मला आवडत नाही. दुपारपर्यंत अकरा अंगठे आले.

संध्याकाळी सोपानराव दारात. मागे वर्षाली, जिन्याच्या दोन पायऱ्या खाली.

"मॅडम, तुमी शिकल्याली माणसं," सोपानराव म्हणाले. "आमी वाद घालत न्हाई. पर तुमच्या सोसायटीच्या तीस गाड्या माझ्याकडं येत्यात. दोघांनी दुपारीच फोन करून न्हाई म्हणून सांगितलं."

"मग मुलीला विचारा, मला काय सांगता?"

खालच्या पायरीवरून वर्षाली म्हणाली, "मॅडम, एकदा मला गाडीत बसू द्या. बसून ऐकल्याशिवाय कसं सांगणार? माझी चूक निघाली तर शुक्रवारपासून मी गॅरेजला येत नाही."

सोपानरावांनी मान हलवली. "तिनंच सांगितलं बगा. आता मी काय बोलत न्हाई."

दुसरा दिवस गुरुवार. एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे तळवड्याकडचे रस्ते रिकामे होते. मी चालवत होते, वर्षाली शेजारी.

"एसी बंद करा. पंखा पण. आणि तुम्ही पण, मॅडम."

"मी कुठे काय बोलतेय?"

"बोलणार होतात."

अडतीस वर्षांत माझ्या वर्गात कुणी मला असं गप्प केलं नव्हतं.

तिने एका बंद कारखान्याच्या भिंतीच्या कडेनं गाडी न्यायला लावली, काच खाली करून. "भिंत आवाज परत देती. चाकाचं असलं तर इथं कळतं." चाकाचं काही कळलं नाही. मग उजवीकडे पूर्ण वळवा, डावीकडे वळवा, न्यूट्रलला टाकून सोडून द्या, हळू ब्रेक लावा. आवाज नाही. मग गतिरोधक आला आणि 'खडक्... गुडूक्'.

"ऐकलंस? पुढूनच आहे," मी म्हटलं.

"पुढं वाटतो, मॅडम. तुम्ही पुढं बसलाय म्हणून." ती मागच्या सीटवर गेली आणि चक्क आडवी झाली, कान सीटला लावून. "परत घ्या त्याच्यावरून. वीसच्या वेगानं."

मी घेतलं. तीनदा घेतलं.

"मागून यायलाय," सीटमधून आवाज आला. "डिकीच्या तळातनं. मॅडम, परवापासून डिकी कुणी उघडली होती का?"

त्या क्षणी मला सगळं आठवलं. टायरचा नंबर दिसावा म्हणून मी डिकीतली मॅट उचलली होती, स्टेपनीच्या मधला बोल्ट सोडून ती तिरकी केली होती. परत बसवताना बोटं दुखायला लागली म्हणून दोन पीळ दिले आणि सोडून दिलं.

"नाही," मी म्हटलं. "कुणीच नाही."

ती उतरली, डिकी उघडली, मॅट उचलली. मीही उतरून मागे गेले. बोल्ट अर्ध्यावर डुलत होता, स्टेपनी हलत होती, जॅक पट्ट्यातून सुटून एका बाजूला पडला होता. आणि जॅकखाली वीजबिलाच्या पाठीवर केलेली माझी यादी. वर माझ्या ठळक अक्षरात शीर्षक: 'गॅरेजची मुलगी, काय काय तपासायचं'. खाली सगळ्यावर बरोबरच्या खुणा.

तिने कागद उचलला. वाचला. वाचायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ घेतला. मग घडी घालून माझ्यापुढे धरला.

"तुमचा कागद."

मी घेतला. तिने बोल्ट आवळला, जॅक पट्ट्यात अडकवला, आणि पुन्हा शेजारी येऊन बसली. त्याच गतिरोधकावरून आम्ही चारदा गेलो. गाडी गप. इतकी गप की मला तीत बसवेना.

तिने मला खोटं पाडलं नाही. सोसायटीच्या फाटकाशी उतरताना एवढंच म्हणाली, "ग्रुपवर लिहा तेवढं. सोपानमामा संध्याकाळपर्यंत थांबलेत."

मी लिहिलं. पाच मसुदे केले आणि पाचवा पाठवला: "आवाजाचं कारण सापडलं. किरकोळ होतं. वर्षालीने लगेच दुरुस्त केलं. धन्यवाद." यात एक शब्द खोटा नाही. मुलांचे पेपर तपासताना असली उत्तरं मी लाल पेनने कापत असे.

खाली प्रतिक्रिया आल्या. "तुम्ही आवाज उठवलात म्हणून दुरुस्त झालं." "अशांना दम द्यावाच लागतो." मी वाचत राहिले. कुणालाही उत्तर दिलं नाही.

शनिवारी गॅरेजवर गेले तर गाडीखाली वेगळेच पाय.

"वर्षाली?"

"घालवली की, मॅडम," सोपानराव म्हणाले. "तुमीच लिवलं ना, तिनं दुरुस्त केलं म्हणून. चूक असल्याबिगर दुरुस्त कशाला करील माणूस?"

"तिची चूक नव्हती. माझी होती. स्टेपनी मी सैल ठेवली."

सोपानरावांनी हातातला पाना खाली ठेवला. "तिनं सांगितलं न्हाई मला तसं."

"तुम्ही विचारलंत?"

"विचारलं. म्हणली, मॅडमनी लिवलंय ना, तेच." मग माझ्याकडे वळून, "गुरुवारी का न्हाई सांगितलं ओ तुमी? आता ह्या पोराला सासुरवाडीकडनं बोलावून घेतलंय मी. त्याला कसा घालवू?"

नंबर घेऊन फोन केला. ती चिखलीत तीन मुलींबरोबर खोली करून राहते. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी सगळं बोलले. डिकी उघडल्याचं, नाही म्हटल्याचं, ग्रुपवरच्या त्या सोवळ्या वाक्याचं. माफी मागितली. दोन महिन्यांचा पगार देते म्हणाले, दुसरीकडे शब्द टाकते म्हणाले. नेहमीच्या वेगाने बोलत होते, कारण थांबले असते तर रडले असते.

"पैसे नको, मॅडम," ती म्हणाली. रागाने नाही, भाजीवाल्याला नको म्हणावं तसं. "तळेगावला एका ठिकाणी सोमवारी बोलवलंय. तिथं विचारतात, आधीचं का सोडलं. मामा तर लिहून देणार नाहीत. तुम्ही कागदावर द्या, सही करून. जे झालं ते."

"आत्ता लिहिते. आणून देते."

"सोमवारी सकाळी आठच्या आत द्या."

रविवारी सकाळी लिहायला बसले. 'माझ्या गैरसमजामुळे' असं लिहिलं. खोडलं. 'काही कारणाने आवाज येत होता' असं लिहिलं. तेही खोडलं. मग नवा कागद घेऊन पहिल्या ओळीत माझं पूर्ण नाव, वय आणि पत्ता घातला. दुसऱ्या ओळीत लिहिलं, 'कुमारी वर्षालीवर मी फसवणुकीचा आळ घेतला. तो खोटा होता. तिने मला विचारलं तेव्हाही मी तिच्याशी खोटं बोलले.'

सही केली. मग त्या कागदाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आणि सोमवारची वाट न बघता गाडी काढून चिखलीला निघाले.